दोन ठोके, मग एक

१

माझ्यावर घरच्यांचा एकच आरोप आहे, की मी कुणावर विश्वास ठेवत नाही. आरोप खरा आहे. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मी अडतीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून सांगायचं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." उघडला की आत चहा सांडलेला असायचा, नाहीतर झुरळांनी संसार थाटलेला असायचा. इतकी वर्षं हे बघितल्यावर माणूस देवळात चप्पल काढतानाही चार वेळा मागे वळून बघतो. माझी बायको शुभा म्हणते, "यमदूत न्यायला आला तरी हे आधी त्याचं ओळखपत्र मागतील." म्हणू दे.

दुकान बंद करून पाच वर्षं झाली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर, टेबल, मीटर, सगळं जिथल्या तिथे राहिलं होतं. त्या टेबलावर दिवाळीनंतर मी पुन्हा काम मांडलं, ते प्रेरणासाठी.

प्रेरणा आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात चांगली नोकरी होती, ती सोडून ती गिटार वाजवते आणि स्वतःची गाणी म्हणते. नोकरी सोडली तेव्हा मी तिला नको ते बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर चार वर्षं ती घरी आली ती फक्त आईला भेटायला. माझ्याशी बोलणं "हो" आणि "नाही" एवढंच. ह्या दिवाळीला तीच आपणहून म्हणाली, "बाबा, मला गिटारसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हवाय. तसा आवाज दुसऱ्या कशाला येत नाही. तुम्हाला जमेल बनवायला?"

जमेल का म्हणे! मी तोंड फिरवून नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी पुण्यात तिचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. स्वतःच्या गाण्यांचं, पहिलंच. तोपर्यंत ती इथे राहायला आली आणि चार वर्षं मुक्या पडलेल्या घरात तिची बडबड सुरू झाली. वरच्या खोलीत गाणं, जिन्यात फोन, स्वयंपाकघरात आईशी वाद. "कान किटले माझे," असं मी दिवसातून दोनदा म्हणायचो. खरं सांगायचं तर मला ती बडबडच हवी होती, अँप्लिफायर हे नुसतं निमित्त होतं.

२

सांगाडा, ट्रान्सफॉर्मर आणि तीन व्हॉल्व्ह मी वेल्ह्याच्या गोरखकडून आणले. त्याच्या वाडीतल्या भजनी मंडळाचा जुना लाउडस्पीकरचा सेट माळ्यावर पडून होता. मी नव्या तारा ओढल्या, नवे कॅपॅसिटर घातले आणि रेकॉर्डिंगच्या आधीच्या सोमवारी दुपारी तो पहिल्यांदा चालू केला. आधी नुसतं घूं घूं. ते ठाऊकच होतं. वायरींना पीळ घातला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणल्या, घूं घूं गेलं. मग मागे एक बारीक आवाज राहिला.

टक टक. थोडं थांबून, टक.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची छोटी बाटली, आत बारीक तारा आणि जाळ्या. त्यातलं एखादं काही ढिलं झालं की व्हॉल्व्ह माइकसारखा वागतो. टेबलाला धक्का लागला तरी स्पीकर बोलतो. म्हणून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रत्येकाला ठोकून बघायचं असतं. माझी पद्धत ठरलेली आहे. स्पीकरपासून सर्वांत लांबचा व्हॉल्व्ह आधी, मग एकेक करत जवळ यायचं. प्रत्येकाला दोन ठोके, जरा कान द्यायचा, मग एक ठोका. डावा हात पँटच्या खिशात, कारण आत तीनशे व्होल्ट असतात आणि दोन्ही हात आत घालणारे मेकॅनिक म्हातारे होत नाहीत. ठोकून कळलं नाही तर व्हॉल्व्ह उपसायचा. स्पीकरमधून फट् असा आवाज येतो. व्हॉल्व्ह बाहेर असतानाही नको तो आवाज चालूच राहिला, तर बिचारा निर्दोष, परत जागेवर बसवायचा, तेव्हाही तसंच फट् होतं. आवाज थांबला, तर चोर सापडला.

सापडलेला चोर मी घरात ठेवत नाही. ठेवला की वर्षभरानं तोच विसरून कुणाच्या तरी रेडिओत जातो. पिवळ्या फडक्यात गुंडाळायचा, मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर ठेवायचा आणि हातोडीचा एक घाव. आणि पहिल्या फेरीत चोर सापडलाच नाही, तर दुसऱ्या फेरीत मी दयामाया करत नाही. ज्याचा संशय तो बाहेर, जो बाहेर तो फडक्यात. कधीकधी चोर सोडून संन्याशाला सुळी होते. पण काम संपतं.

त्या दुपारी मी गिटारची वायर काढली. आवाज चालू. पहिला व्हॉल्व्ह उपसला. चालू. दुसरा उपसला. चालू. शेवटचा मोठा व्हॉल्व्हही उपसला, ज्याच्याशिवाय स्पीकरमधून श्वासही फुटू नये.

टक टक. टक.

मी खुर्चीत बसलो आणि तांब्याभर पाणी प्यायलो. मग आठवलं, शेजारच्या सगुणाबाईंची भिंत आणि आपली भिंत एकच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तडक त्यांच्या दारात गेलो. सगुणाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की त्या भाजीवाल्याशी बोलल्या तर स्टँडवरचा कंडक्टर वळून बघतो.

"काही कुटताय का, बाई?"

"म्या कशाला कुटू? कूट सकाळीच करून ठिवलंय. का वो भाऊ, हवंय का वाटीभर?"

"नको. टकटक ऐकू येतेय."

"तुमच्याच घरातनं येतीय की ती, मगाधरनं! मला वाटलं भाऊंनी दुकान परत उगडलं."

मी परत आलो तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की ते ठोके माझ्याच पद्धतीचे होते. दोन, मग एक. माझ्या सवयीची नक्कल कोण करतंय, असं पहिल्यांदा मनात आलं. पेन्सिल घेऊन मी मोठ्या व्हॉल्व्हच्या रिकाम्या बेसशेजारी पत्र्यावर तीनचार वेळा ठोकलं. स्पीकरमधला आवाज लगेच थांबला. बंद पडल्यासारखा नाही थांबला. काम करणारा माणूस हातातलं सोडून कान देतो, तसा थांबला.

३

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला स्पीकरमधून फट् असा आवाज आला. मी कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. माझ्या दुरुस्तीच्या वहीत मी प्रत्येक गोष्टीची वेळ लिहितो, तशी हीपण लिहिली.

गल्लीच्या तोंडाशी एक तांबडं कुत्रं असतं. एसटीनं हॉर्न दिला की ते ऊर फुटेस्तोवर भुंकतं. मी शटरमधून बघत होतो. महाडची गाडी वळली, हॉर्न वाजला, कुत्रं उठलं, मान वर केली, जबडा उघडला, पोट आत-बाहेर झालं. आवाज नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग ते खाली बसलं आणि स्वतःच्या पायाकडे बघू लागलं.

मी हसलो. खोटं कशाला सांगू. म्हटलं, बरं झालं, डोकं उठवायचं मेलं. मग मी टेबलाशी बसून व्हॉल्व्ह ठोकायला घेतले. दोनतीन मिनिटं ठोकत असेन. स्पीकरमधून पुन्हा फट् झालं आणि बाहेर कुत्रं भुंकलं. भुंकतच सुटलं. चालती एसटी नाही, काही नाही.

"बाबा, त्याला काही खायला घाला ना," प्रेरणा वरून ओरडली.

मी वहीत लिहिलं, तीन वाजून बत्तीस मिनिटं.

४

बुधवारी जेवणानंतर सगुणाबाई दारात आल्या. तोंड हलत होतं, हात हलत होते, आणि घशातून वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नव्हती. मला वाटलं चेष्टा चाललीय. सगुणाबाईंचा स्वभाव तसा खट्याळ. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शुभा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं, काही दिसलं नाही, गोळ्या दिल्या.

मी दिवेलागणीला टेबलाशी बसलो. स्पीकरमधली टकटक दुपारपासून चालू होती, आणि माझं डोकं तापलं होतं. पेन्सिल घेऊन पुन्हा एकेक व्हॉल्व्ह ठोकत बसलो. पाचसात मिनिटांनी फट् झालं आणि भिंतीपलीकडून दणदणीत हाक आली, "आगं शुभाताई, आलाऽ! माजा आवाज आलाऽ!"

आम्ही तिघंही धावलो. सगुणाबाई उंबऱ्यात बसून हसतही होत्या आणि रडतही होत्या.

"घसा दुखत नव्हता का, बाई?" मी विचारलं.

"कायबी न्हाई. आदी हितं टकटक झाली," त्यांनी टाळूवर बोट ठेवलं. "दोन डाव. मग येक डाव. मला वाटलं पाल पडली. आन् मग आतनं कायतरी उपसून काडल्यागत झालं, भाऊ. दुकलं न्हाई. नुसती जागा रिकामी झाली. आन् आता परत आनून बसिवलं."

दोन आणि एक हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. भिंतीतून ऐकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाईमाणूस घाबरलं की काहीही बोलतं, असंही म्हणून घेतलं. रात्री मात्र मी अँप्लिफायरचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली.

५

गुरुवारी सकाळच्या गाडीनं नसरापूर गाठलं आणि तिथून जीपनं वेल्हे. गोरखची वाडी आणखी पुढे. माझा सगळा संशय आता त्याच्यावर होता. कबाडातलं काहीतरी गळ्यात मारलं असणार. गोरख भात झोडत होता. त्यानं मला खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि माझं ऐकून घेतलं.

"आवं, तीस वर्सं वाजला ह्यो. काकडा म्हना, सप्ता म्हना. एक डाव खरखरला न्हाई. मी सोता हलवायचो त्याला, बैलगाडीतनं न्ह्यायचो."

"खरं सांग गोरख. टकटक करायचा का?"

"आईची आन! न्हाई." तो जरा विचारात पडला. "भाऊ, तुमी तर म्हनता समदं उपसून बगितलं, तरी चालूच. मंग खराबी पेटीत कशी आसंल? पेटीच्या भाईर बगा की."

शेतकऱ्यानं मला माझा धंदा शिकवावा ह्याचा मला राग आला. परतीच्या जीपमध्ये नसरापूरपर्यंत मी रागातच होतो.

संध्याकाळी घरी पोचलो तर प्रेरणा पायरीवर बसलेली. "बाबा, आईचा आवाज गेलाय. दुपारपासून."

शुभा ओट्याशी उभी होती. तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं. "डोक्यावर टकटक. मग गेला. तुमचं डबडं वाजत होतं." मी विचारलं, "प्लग कुणी लावला?" तिनं मान हलवली आणि खाली लिहिलं, "वायर गुंडाळलेलीच होती."

ती रात्र आम्ही तिघं स्वयंपाकघरातच झोपलो. शुभा माझा हात धरून पडली होती. पस्तीस वर्षांत मी तिला किती वेळा "जरा गप्प बस" म्हणालो, त्याचा हिशेब लागत नव्हता.

शुक्रवारी सकाळी आठला मी पुढच्या खोलीत गेलो. मला पडताळून बघायचं होतं, आणि पडताळायला भीतीही वाटत होती. वीज नसलेल्या अँप्लिफायरच्या पहिल्या व्हॉल्व्हवर मी पेन्सिल ठेवली आणि ठोकायला लागलो. पंधरा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं. मग फट्, आणि स्वयंपाकघरातून शुभाचा आवाज, अर्ध्या वाक्यात असल्यासारखा. "—साखर संपलीय, येताना आणा."

मी वही काढली. कुत्रं, सगुणाबाई, शुभा. तिन्ही वेळा आवाज परत आला तो माझी पेन्सिल चालू असताना. गल्लीच्या टोकापासून आमच्या भिंतीपर्यंत, भिंतीपासून स्वयंपाकघरापर्यंत. लांबचा आधी, मग जवळचा. दोन ठोके, मग एक. उपसायचं, कान द्यायचा, आवाज चालूच असला तर परत बसवायचं.

वहीतली पानं मी दोनदा वाचली. कुणीतरी कुठेतरी नको असलेला आवाज शोधत होतं, आणि तो आवाज माझ्या पेन्सिलीचा होता, असा माझा संशय आहे. संशयच म्हणतो. पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काही नाही.

६

मग मी चूक केली. आमच्या धंद्यातलं एक शहाणपण आहे, की जो आवाज मेकॅनिकसमोर येत नाही तो दुरुस्त होत नाही. मी म्हटलं, आपण ठोकणंच बंद करू. आवाज आला नाही की शोधणारा कंटाळून निघून जाईल. मी तिन्ही व्हॉल्व्ह काढले, अँप्लिफायर पोत्यात घातला आणि माळ्यावर टाकला. प्रेरणाला सांगितलं, "ट्रान्सफॉर्मर जळाला. भाड्यानं घे पुण्यात." तिचा चेहरा पडला.

शनिवारी दुपारी तीन वाजता ती जिन्यातून खाली येत होती, गाणं गुणगुणत. मधल्या पायरीवर थांबली.

"आई, टपली मारलीस मला?"

"मी इथं आहे गं, दळण निवडतेय."

"अगं मारलीस की! दोनदा. आणि आता परत एक—"

माळ्यावरच्या पोत्यातून फट् आवाज आला.

प्रेरणाचं तोंड उघडंच राहिलं. तिनं गळ्याला हात लावला, माझ्याकडे बघितलं, आणि ती "बाबा" म्हणतेय हे मला तिच्या ओठांवरून कळलं. उद्या तिचं रेकॉर्डिंग होतं. पण माझ्या मनात त्या वेळी रेकॉर्डिंग नव्हतं. मी कालपासून एकही ठोका मारलेला नव्हता. ती बाहेर, आणि आवाज थांबलेला. ह्याचा अर्थ काय होतो हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?

तिनं डोळे चोळले. मग मोबाईलवर काहीतरी टाइप करून माझ्यापुढे धरलं.

"सगळं पिवळं का दिसतंय?"

शिडी न घेता मी माळ्यावर कसा चढलो, मला माहीत नाही. पोतं ओढलं, अँप्लिफायर टेबलावर आपटला, व्हॉल्व्ह बसवायला गेलो तर दोनदा पिना चुकल्या. बसला. पेन्सिल घेतली आणि ठोकत सुटलो. दोन आणि एक नाही, नुसतं सलग, वेड्यासारखं. "आहे! आवाज आहे अजून! तिचा नाही तो!" असं मी मोठ्यानं ओरडत होतो म्हणे, शुभानं नंतर सांगितलं.

दहा मिनिटांनी प्रेरणानं टाइप केलं, "आता नीट दिसतंय." पण आवाज आला नाही. मी थांबलो नाही. अर्धा तास, एक तास. खांदा भरून आला. शुभा जवळ येऊन बसली.

"द्या इकडे, मी ठोकते थोडा वेळ."

"नको. माझाच हात लागत असेल तर? धोका नको."

तिला मी ठोकता ठोकता हळू आवाजात सगळं सांगितलं. वहीतल्या वेळा, लांबून जवळ येणं, पिवळं फडकं. ती हसली नाही. इतकी वर्षं तिनं मला त्या दगडावर काचा फोडताना बघितलं होतं.

"हिला परत बसवलं की मग उरलं कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"तुमच्या वेळेला मी ठोकेन. म्हणजे तुम्हालाही परत बसवतील."

"आणि मग?"

मग काय, ते तिलाही ठाऊक होतं. पहिल्या फेरीत चोर सापडला नाही की मी दुसरी फेरी कशी करतो, हे तिनं कितीदा बघितलं होतं. दुसऱ्या फेरीत तिची पाळी येणार, प्रेरणाची येणार.

"पोरीची शपथ आहे तुला," मी म्हणालो. "माझ्या वेळेला पेन्सिलीला हात लावायचा नाही. पळीनं नाही, चमच्यानं नाही, कशानंच नाही. आवाज थांबला पाहिजे."

तिनं पदर तोंडाशी नेला. शपथ घेतली नाही, पण मोडणार नाही एवढं मला कळलं.

पाच वाजून गेले होते. स्पीकरमधून फट् झालं.

"बाबा," प्रेरणा म्हणाली. "बाबा, पुरे. हात बघा तुमचा, केवढा सुजलाय."

इतका आनंद मला ती जन्मली तेव्हाही झाला नव्हता. तिला जवळ घेऊन मी चार वर्षांपूर्वी जे बोललो होतो त्याची माफी मागितली. मोठ्यानं मागितली, शुभाच्या देखत. "काय हो बाबा, आत्ता कशाला ते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तेवढ्यात माझ्या टाळूवर ठोका पडला. अगदी हलका. लगेच दुसरा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाचा ठोका मला कळणार नाही तर कुणाला?

शुभानं हात पुढे केला. मी पेन्सिल डाव्या खिशात घातली आणि हात खिशातच, पेन्सिलीवर ठेवला. मग तिसरा ठोका पडला.

दुखत नाही. सगुणाबाई म्हणाल्या तसंच. नुसती जागा रिकामी होते.

७

आज सोमवार आहे. हे सगळं मी दुरुस्तीच्या वहीतच लिहितोय, कारण बोलता येत नाही.

शनिवारी रात्रीच मी अँप्लिफायर जोडून दिला. एकही ठोका नाही, घूं नाही, खरखर नाही. काल प्रेरणा तो टेम्पोनं घेऊन गेली. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी विचारलं म्हणे, हा कुठल्या कंपनीचा? ती म्हणाली, भोरचा. माझ्या घशाचं तिला फारसं वाटत नाही. "आईचा आला, सगुणाकाकूंचा आला, तुमचाही येईल," म्हणते. डॉक्टरांनी मलाही गोळ्यांचीच चिठ्ठी दिली. मी मान हलवतो.

मघाशी शुभाला लिहून विचारलं, "ट्यूबलाइट पिवळी झालीय का?"

तिनं वर बघितलं, मग शटरबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. "नाही हो," म्हणाली. मग तिला शनिवारचं आठवलं असावं. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. खिशाकडे बघतेय, पण शब्दाची पक्की आहे.

प्रेरणा समोरच्या स्टुलावर बसलीय. कालचं गाणं मला वाजवून दाखवतेय, माझ्या अँप्लिफायरवर, आणि मध्येमध्ये थांबून सांगतेय, इथं असं केलं, तिथं तसं केलं. आवाज इतका स्वच्छ आहे, की एका तारेवरून दुसरीवर जाताना तिचं बोट सरकल्याचंही ऐकू येतं. दारातून तांबडं कुत्रं आत बघतंय. सगळ्याच्याच कडा आता पिवळ्या आहेत, आणि जरा जवळ आल्यात.

शेवटचं कडवं तिनं माझ्यासाठी लिहिलंय म्हणे. ते अजून यायचंय. लिहिणं इथे थांबवतो, म्हणजे नीट ऐकता येईल.